उल्का पडली त्या संध्याकाळचा दुसरा बार

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं इथंच थांबावं, माझं काही म्हणणं नाही.

मी चौथी शिकलेली बाई. मला रचून सांगता येत नाही. आणि रचूनच सांगायचं असतं, तर त्यात मी स्वतःला एवढी वाईट कशाला दाखवली असती?

माझं नाव रंभा. शिरूर तालुक्यात इनामगावच्या शिवारात, घोडनदीच्या अंगाला आमची वस्ती आहे. घरात मी, मुलगा ईश्वर, सून ज्ञानेश्वरी आणि नात सृष्टी. ईश्वर कुरकुंभला कंपनीत आहे. शिफ्ट असेल तसा जातो, येतो.

आमच्या घरापुढून पाण्याचा पाट जातो. पाटाच्या पलीकडं एकच घर.

शेवंताबाईचं. ती एकटीच राहायची.

बाकी वस्त्या लांब. मध्ये सगळा ऊस. आणि उसात बिबट्या. आमच्याकडं अंधार पडला की बिबट्याच्या भीतीनं माणूस दार लावून घेतो.

लाईट गेली की मोबाईलचा टॉवरही बंद पडतो. म्हणून ईश्वरनं दोन्ही घरांत एक रीत घालून दिली होती. दोन्हीकडं पत्र्याच्या डब्यात सुतळी बॉम्ब ठेवायचे. जीव अडला की एक बार उडवायचा. समोरच्यानं बार ऐकला की बॅटरी तीनदा चमकवायची.

तीनदा बॅटरी म्हणजे... "ऐकलं. निघालो."

एवढं ध्यानात ठेवा.

शेवंता आणि मी एकाच साली सून होऊन आलो. तेव्हा गावात पुण्याची माणसं उकरायला यायची. जुन्या काळची खापरं, हाडं निघायची. आम्ही दोघी तिथं मातीच्या टोपल्या उचलायला जायचो.

एक दिवस माणसाचा सांगाडा निघाला. अख्खा होता. फक्त... पाय नव्हते. घोट्यापासून खाली काहीच नाही.

शेवंता धीट. तिनं साहेबाला विचारलंच, "ह्याचं पाय कुठं गेलं ओ?"

साहेब म्हणाले, पुरताना तोडत असतील. मेलेला माणूस चालत परत घरी येऊ नये म्हणून.

मी घाबरले. शेवंता तोंडाला पदर लावून हसत सुटली. मला म्हणाली, "रंभे, मी मेले तर माझं पाय ठिव बाई. मला तुझ्याकडं चहाला यायचं असतंय."

अशी ती. अख्ख्या गावात मला रंभे म्हणणारी तेवढी एकच. बाकी सगळ्यांना मी रंभाबाई.

मग आमचं वाजलं.

बचत गटाची बैठक होती. मी अध्यक्ष. रजिस्टरवर सही करत होते. मला एकेक अक्षर काढायला वेळ लागतो. शेवंता सातवी शिकलेली. पंधरा बायकांच्या देखत म्हणाली, "रंभाबाईंची सही व्हईस्तवर कांदा लावून काढून व्हईल."

बायका हसल्या. ती थट्टाच होती, हे मला आज कळतंय. त्या दिवशी कळलं नाही.

मी उठले, घरी आले. येता येता पाटावरची फळी उचलली आणि आमच्या बाजूला ओढून घेतली. त्या फळीवरूनच ती रोज चहाला यायची. गड्यांचं काय, ते पाट उडी मारून ओलांडतात. साठीच्या बाईला ते जमत नाही. तिला आमच्याकडं यायचं तर रस्त्यानं मोठा वळसा.

तीन वर्षं मी तिच्याशी बोलले नाही.

ती दोनदा पाटापर्यंत आली. पलीकडून म्हणाली, "रंभे, फळी टाक की. किती दिस डोक्यात राख घालून बसशील?"

मी म्हशीला पेंड घालत होते. म्हशीशीच बोलत राहिले.

आता ती संध्याकाळ सांगते.

गेल्या साली, देवदिवाळीचा दिवस. निवद दाखवून झाला होता. ईश्वर रात्रपाळीला गेलेला. पावणेआठ वाजले असतील. लाईट नव्हती. आदल्याच दिवशी अवस झालेली, चंद्रही नव्हता. ज्ञानेश्वरी चुलीपुढं, मी ओट्यावर, सृष्टी माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

आणि एकदम अंगण दिसायला लागलं.

सगळं अंगण. तुळस, गोठा, कडब्याची गंज. दिवसासारखं, पण दिवसासारखं नाही. हिरवट निळं. म्हशीची सावली भिंतीवर पडली आणि... सावली चालायला लागली. म्हैस जागेवर उभी होती.

मी वर बघितलं.

नदीकडून आगीचा गोळा येत होता. पुढं पांढराफेक, मागं शेपूट. डोक्यावरून दौंडच्या दिशेला गेला. जाता जाता त्याचे तीन तुकडे झाले आणि विझले.

आवाज काहीच नाही. रातकिडेही गप्प.

आम्ही तिघी अनवाणीच अंगणाच्या मध्ये येऊन उभ्या. ज्ञानेश्वरीच्या हातात उलथनं तसंच.

"आत्या, इमान पडलं का काय?"

"उल्का हाय ती, आई," सृष्टी म्हणाली. "आमच्या पुस्तकात हाय. आज्जे, अजून आवाज येईल बघ. आवाज मागनं येतो."

पोरगी खरं बोलली. दोन-तीन मिनिटं गेली आणि...

धडाड.

आभाळात दार आपटल्यासारखं. गोठ्याचे पत्रे थरथरले. कुत्रं घरात पळून खाटेखाली शिरलं.

मग पुन्हा शांत.

आम्ही घरात आलो. ज्ञानेश्वरीनं भाकरी टाकली. त्या आवाजाला दहा मिनिटं झाली असतील...

धाड.

हा बार बारका होता. जवळचा. खालचा.

ज्ञानेश्वरीचा हात थांबला. "आत्या, ह्यो शेवंतामावशीकडनं आला वाटतं. बॅटरी दाखवू का?"

मी म्हणाले, "आभाळातलाच हाय. मघाच्याचंच तुकडं पडत असत्याल."

"आज्जे, एवढ्या उशिरा नसतंय येत," सृष्टी म्हणाली.

"तू लई शाळा शिकलीस. जेव गप."

"बघून तरी येते," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"कुठं जातीस? उन्हाळ्यात कुत्र्याला बिबट्या म्हणून बार उडवला तिनं. आपला ईश्वर भरल्या ताटावरून उठून पळाला हुता. तिला करमंना की तिला बार लागतो."

सून पुन्हा भाकरी थापायला लागली. माझ्यापुढं बोलायची सोय नाही कुणाला. ह्याचा मला अभिमान होता.

मी खुंटीवरची बॅटरी घेतली. म्हटलं, मीच बघते. ओट्यावर गेले. पलीकडं पूर्ण अंधार. शेवंताचं घर दिसतही नव्हतं.

बॅटरी माझ्या हातात होती. बटणावर अंगठा होता.

मी बटण दाबलं नाही.

आत आले, कडी लावली आणि सांगितलं, "काही न्हाई. आभाळातलंच हाय."

तासाभरानं निजलो.

मला झोप लागेना. कसली तरी वाट बघितल्यासारखं होत होतं. म्हशीचं रवंथ ऐकू येत नव्हतं. रातकिडे अजून गप्पच.

मग बाहेर...

खस्स.

उसाच्या पाचटावरून काहीतरी ओढल्यासारखं.

थांबलं.

खस्स...

मला वाटलं बिबट्या. पण बिबट्याचा असा आवाज होत नाही, तो कळतही नाही. हे एक पाऊल टाकत होतं आणि एक ओढत होतं. टप्प... खस्स. टप्प... खस्स.

अंगणात आलं. ओट्याशी आलं. उंबऱ्यापाशी थांबलं.

कुत्रं भुंकलं नाही. खाटेखाली त्याचं अंग थरथरत होतं, खाट हलत होती.

आणि दाराच्या फटीतून, हळू...

"रंभे... निजलीस का?"

मी आवाज ओळखला. ज्ञानेश्वरी शेजारीच होती, तिचा श्वास संथ चालला होता. तिला ऐकू आलं नाही.

मी उठले नाही. आता खरं सांगते, त्या वेळी भीती नव्हती. मनात आलं, आली शेवटी. वळसा घालून आली. उभी राहू दे जरा.

असं मला वाटलं. माझ्याच मनाला.

पुन्हा हाक आली नाही. परत जाणारी पावलंही ऐकू आली नाहीत.

पहाटे उजाडायच्या आत मी कंदील घेऊन दार उघडलं.

देवदिवाळीसाठी आदल्या दिवशीच अंगण सारवलं होतं. त्या सारवणावर उमटलं होतं. एक डावं पाऊल. त्याच्या शेजारी ओढलेली रेघ. पुन्हा डावं पाऊल, पुन्हा रेघ. पाटाकडून सरळ उंबऱ्यापर्यंत.

परत गेल्याची एकही खूण नाही.

मी उकिरड्यावरून शेण आणलं. पाणी घातलं. आणि सगळं अंगण सारवून काढलं. उंबऱ्यापासून पाटापर्यंत, मान खाली घालून; पाटापलीकडं अजून अंधारच होता. का सारवलं, ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

हात धुवत होते, तेवढ्यात ईश्वरची गाडी आली. तो शिफ्टवरून पाटाच्या पलीकडच्या रस्त्यानं येत होता. गाडी तशीच टाकून पळत आला.

"आई, शेवंतामावशी पाटावर पडलीय. गार झालीय."

पाटाच्या पलीकडच्या काठावर होती ती. जिथं फळी असायची, बरोबर तिथं. तोंड आमच्या घराकडं. एक हात पाण्यावर. रात्रभर पाटाला पाणी होतं, पण तिचं लुगडं कोरडं होतं. म्हणजे ती पाटात उतरलीच नव्हती. अलीकडं आलीच नव्हती.

मग माझ्या उंबऱ्याशी कोण आलं होतं?

उजवा पाय मांडीपर्यंत सुजून काळा पडला होता. घोट्याजवळ दोन टोचे. घोणस.

सगळं उलगडत गेलं. तिच्या चपला दाराशी तशाच, बॅटरी कोनाड्यात. आमच्यासारखीच ती उजेड बघून अनवाणी धावत बाहेर आली. मान वर करून आभाळ बघत राहिली. पायाखाली काय होतं ते तिनं बघितलं नाही. कुणीच बघत नव्हतं.

तिच्या अंगणात सुतळी बॉम्बचे कागदाचे तुकडे पडलेले.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, घोणस लगेच मारत नाही. दोन-तीन तासांत आणली असती तर इंजेक्शन देता आलं असतं.

अंघोळ घालायला बायकांत मी होते. तिचे पाय मीच धुतले. डावा आणि तो उजवा.

तिचा मुलगा सम्राट पुण्यावरून आला. तो लहानपणी माझ्या ओट्यावर वाढलेला. माझ्यापुढं बसला. "मावशी, आईनं बार उडवला होता. तुमाला ऐकू न्हाई आला?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. ज्ञानेश्वरी खाली बघत होती.

मी म्हणाले, "न्हाई रे बाळा. आभाळच एवढं गरजलं, त्यात कुठं कळतंय."

सगळ्यांना पटलं. मोबाईलवर सगळीकडं त्या गोळ्याचीच चर्चा होती. माझं पाप मी आभाळावर ढकललं आणि आभाळ काही बोललं नाही.

फक्त सृष्टीनं रात्री विचारलं, "आज्जे, काल शेवंताआजी आलती ना आपल्याकडं? तू दार का न्हाई उघडलं?"

तेव्हा मला कळलं, मी एकटीनं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मी पाटावर फळी टाकली. कुणी विचारलं तर सांगते, पलीकडं गवत कापायला जावं लागतं.

शेवंताच्या घराला कुलूप लागलं. सम्राट पुण्यातच असतो. मीटर काढून नेलं. वर्षभर त्या घरात कुणी पाऊल टाकलं नाही.

वर्षभर मी रोज संध्याकाळी पावणेआठला ओट्यावर जायचे आणि त्या अंधाराकडं तीनदा बॅटरी मारायचे. ज्ञानेश्वरीनं एकदा विचारलं, "आत्या, काय दिसलं का?" मी म्हणाले, "सेल बघतीय." तिला सगळं ठाऊक आहे. ती मला आत्या म्हणायची, पण त्या रात्रीपासून जेवायला वाढताना माझ्याकडं बघत नव्हती.

आता यंदाचं सांगते. त्यासाठीच, एकेक अक्षर काढत का होईना, लिहायला बसले.

यंदाही देवदिवाळी होती. ईश्वर पुन्हा शिफ्टला. लाईट नाही.

साधारण त्याच वेळेला गोठ्यात म्हैस हंबरली. मी खिडकीतून बॅटरी मारली. वासराच्या दावणीपाशी दोन डोळे चमकले. बिबट्या. दहा पावलांवर.

गोठ्याचं दार सकाळीच मोडलं होतं. नुसतं टेकवून ठेवलेलं.

ज्ञानेश्वरी म्हणाली, "आत्या, बार."

मी डबा काढला. खिडकीतून हात बाहेर काढून वात पेटवली आणि अंगणात फेकला.

धाड.

बिबट्या दबला, पण गेला नाही. उसाच्या कडेला जाऊन बसला. बार उडाल्यावर माझ्या ध्यानात आलं, हा बार ऐकणार कोण? पलीकडं तर कुलूप आहे.

आणि सृष्टीनं माझं लुगडं ओढलं.

"आज्जे... बघ."

पाटाच्या पलीकडं, शेवंताच्या घरातून...

बॅटरी चमकली.

एकदा.

ज्ञानेश्वरीनं माझं मनगट धरलं.

दोनदा.



तीनदा.

ऐकलं. निघालो.

मी तिच्या बाराला गेले नव्हते. माझ्या बाराला ती निघाली होती.

रातकिडे गप्प झाले. मग पाटावरची फळी वाजली. करकर... आणि थांबली. मग पाचट.

टप्प... खस्स.

बिबट्या उठला. मान वळवून पाटाकडं बघितलं. मांजरासारखा अंग चोरून उसात शिरला तो पुन्हा दिसला नाही.

टप्प... खस्स. टप्प... खस्स.

अंगणात आलं. उंबऱ्याशी थांबलं.

"आत्या, उघडू नका," ज्ञानेश्वरी म्हणाली. सृष्टीला तिनं पोटाशी धरलं होतं.

दाराच्या फटीतून हाक येईल म्हणून मी कान लावून उभी राहिले. ह्या वेळी हाक आली नाही. तिकडून तिनंही कान लावला असावा असं वाटलं.

मी कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं. गार वारा आत आला. त्यात सुतळी बॉम्बच्या दारूचा वास होता.

आता इथं मला एक गोष्ट लिहायची आहे. वर्षभर कुणाला सांगितली नाही. ईश्वरलाही आज वाचल्यावरच कळेल.

गेल्या साली मी बॅटरी घेऊन ओट्यावर गेले, तेव्हा पाटाकडून वारा येत होता. आणि त्या वाऱ्याला हाच वास होता. आभाळातल्या गोळ्याला दारूचा वास येत नाही. एवढं कळायला शाळा लागत नाही.

मला ठाऊक होतं. बटणावर अंगठा ठेवून मी उभी होते आणि मला ठाऊक होतं, ती बोलावतेय.

मला वाटलं होतं, एखादं कुत्रं-मांजर असेल. थोडी घाबरू दे. उद्या येईल आणि म्हणेल, रंभे, चुकलं माझं.

दार उघडंच ठेवून मी चुलीवर चहा ठेवला. दोन कप भरले. एक उंबऱ्याच्या आत ठेवला. ज्ञानेश्वरी बघत राहिली. वर्षानं पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

सकाळी कप तसाच होता. भरलेला. वर साय धरलेली.

अंगणात सारवणावर तेच. डावं पाऊल, शेजारी रेघ. पाटापासून उंबऱ्यापर्यंत. फरक एवढाच की गेल्या साली खुणा उंबऱ्याशी थांबल्या होत्या. ह्या वेळी उंबऱ्याच्या आत, कपाच्या पुढं, अजून एक पाऊल होतं.

बाहेर गेल्याचं एकही नाही.

ह्या वेळी मी सारवलं नाही. येणारा-जाणारा विचारतो, रंभाबाई, अंगणात हे काय. मी सांगते, शेवंता आली होती. माणसं हसतात. म्हणतात म्हातारीला भ्रम झाला. हसू द्या.

ती आम्हाला वाचवायला आली होती, की वर्षभर मीच बॅटरी दाखवून तिला बोलावत होते, ते मला ठाऊक नाही.

पण काल रात्री मी बचत गटाचं रजिस्टर काढून बसले होते. सही करायची होती. पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं. घरात सगळे निजलेले.

आणि माझ्या पाठीमागं, अगदी जवळ...

पदर तोंडाला लावून कुणीतरी हसलं.